आधी कोण सोडतं

मारुंजी, ६ जानेवारी २०२५

श्री. दिग्विजय गोळे, साचे विभाग, उरवडे यांस,

नमस्कार.

मी किमया जोगदंड. मारुंजीच्या डिझाइन स्टुडिओत काम करते. न्हाणीघरातला प्लास्टिकचा मग माझ्याकडे आहे आणि त्याचा साचा तुमच्या कारखान्यात होणार आहे. उद्यापासून रोज दुपारी चार ते पाच, तुम्ही तिथून आणि मी इथून, आपण एकाच मगाला आकार द्यायचा आहे. मग अजून जगात कुठेच नाही. पडद्यावर दिसतो आणि बोटांना लागतो, एवढंच.

यंत्र तुमच्याकडे पोचलं असेल. टेबलावर बसवलेला बारीक लोखंडी हात आणि त्याच्या टोकाला दोन टोप्या, शिवणाच्या अंगुस्तानासारख्या. एकीत अंगठा घालायचा, दुसरीत तर्जनी. पडद्यावरच्या मगाला बोट टेकलं की टोपी बोटाला अडवते. जोरात दाबलं की मग दबतो. पहिल्यांदा दचकायला होतं.

दोन सूचना. पाचला दोघांनीही बोटं काढायची. त्यानंतरच मग गोठवता येतो. एकाचं जरी बोट आत असलं तरी तो कणकेसारखा मऊच राहतो. आणि मगाचा कान अजून कच्चा आहे. त्याला सांभाळून धरा.

हे मेलवर लिहिलं असतं. पण इथली प्रत्येक मेल आठ जणांना जाते आणि मला एक बावळट प्रश्न विचारायचा आहे. म्हणून नमुन्यांच्या खोक्यात ही चिठ्ठी. आजवर हे मी एकटीनंच केलं आहे. दुसऱ्या टोकाला माणूस असला की कसं वाटतं?

आपली,
किमया जोगदंड


उरवडे, ८ जानेवारी

किमया मॅडम,

नमस्कार. कान तुटला त्याबद्दल माफी असावी.

मी नोकरीला लागल्यापासून पोलादाला हात लावतो आहे. पोलाद ओढलं तर काही होत नाही. म्हणून मी ओढलं. तिकडून तुम्हीही ओढलंत. कान मधोमध तुटला, टोप्या एकदम सैल पडल्या आणि मी खुर्चीसकट मागे गेलो. लेथवरची पोरं अजून हसत आहेत. तुमच्या बाजूला काही झालं का?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला सोमवारपर्यंत माहीत नव्हतं. आता थोडं माहीत आहे. लिहिता येत नाही.

फोन करून विचारलं असतं. पण फोनवर मी "हं" आणि "बरं" एवढंच बोलतो. घरचे म्हणतात, ह्याच्यापेक्षा भिंत बरी. चिठ्ठीत मी पुष्कळ बोलतो, हे आज कळलं.

खोकं न्यायला टेम्पोवाला कैलास आला आहे. खोकं हलवून म्हणतो, "ह्यात काय हाय? लईच हलकं लागतंय." मी म्हटलं, चिठ्ठी आहे. "कुणाला?" म्हटलं, मगाच्या कामाची. "मगाचं पत्र! चालू द्या तुमचं."

आपला,
दिग्विजय गोळे


मारुंजी, १० जानेवारी

दिग्विजय,

माझ्या बाजूला मी किंचाळले. आमचे दयानंद सर धावत आले. "काय झालं?" मी म्हणाले, "कान तुटला." त्यांनी आधी माझा उजवा कान बघितला, नंतर डावा.

आज मात्र तुम्ही ओढलं नाहीत. ढकलण्याआधी तुम्ही जरा थांबता, हे माझ्या अंगठ्याला कळलं. मधे माण आहे, घोटावडे आहे, पिरंगुटची चढण आहे. तिथून एक माणूस थांबतो आणि ते मारुंजीत माझ्या अंगठ्याला कळतं. संध्याकाळी घरी आले आणि खोलीचं दार ढकलून तशीच उभी राहिले. वाटलं, दारही पलीकडून ढकलेल. पलीकडून घरमालकीण चंद्राबाई म्हणाल्या, "आत ये की बाई. दाराशी काय कुस्ती खेळतीस?"

यांचं शेत होतं तिथे आता तीन मजल्यांच्या खोल्या आहेत. त्यांना माझं काम सांगितलं तर म्हणाल्या, "टमरेल बनवायला एवढी शिकलीस व्हय गं?"

हसू नका. हे टमरेल माझी नोकरी आहे. मी अजून कायम नाही. मग विकणाऱ्या कंपनीच्या सुलक्षणा बाईंनी मार्चअखेर मग पास केला तर मी कायम होणार. नाही केला तर परभणी. बाबांनी तिथल्या पतसंस्थेत माझ्यासाठी खुर्ची बघून ठेवली आहे. खुर्ची चांगली आहे म्हणतात. गोल फिरते.

मला फिरायचं नाही. मला इथे बसायचं आहे.

किमया


उरवडे, १७ जानेवारी

किमया मॅडम,

मग पास होईल. साच्याच्या बाजूनं जबाबदारी माझी.

तुम्ही काल माझ्या बोटांतून कान काढून घेतलात तो वासराच्या तोंडातून दोरी काढावी तसा. कळलंच नाही. कळलं तेव्हा मी हवेला धरून बसलो होतो. त्यानंतर मी मऊपणाचा आकडा अगदी खाली नेला. मग लोळायला लागला, तुम्ही तो खालून उचलून धरलात, मी वरून टपली मारली, तर तो तुमच्या बोटांवर टोपीसारखा बसला. तिकडे तुम्ही हसत होता का? टोप्या थरथरत होत्या. यंत्राची तपासणी म्हणून विचारतो.

आणखी एक, तेही तपासणी म्हणूनच. पाचला आधी बोट कोण काढतं? मी तुमची वाट बघतो. तुम्हीही माझी बघता असं वाटतं. काल पाच वाजून बराच वेळ झाला तरी आपण कान धरूनच होतो. "ठेवू का?" "ठेवा ना." असं म्हणत फोन न ठेवणारी माणसं असतात, तसं.

दिग्विजय


मारुंजी, २३ जानेवारी

दिग्विजय,

हसत होते. यंत्र ठीक आहे.

आज सकाळी मग उघडला तर कानाच्या उजव्या अंगाला एक खळगा. अंगठ्याएवढा, गुळगुळीत. तुमचा. दयानंद सरांनी टोपीत अंगठा घालून पाहिला. "वा! अंगठ्याला जागा! कुणाची कल्पना?" मी सांगितलं, साचे विभागाची सूचना आहे. बरोबर ना?

डाव्या अंगालाही एक होता म्हणतात. सरांनी परवा संध्याकाळी पाहिला होता. आज दिसत नाही. तो परत आला तर राहू द्यावा असं मला वाटतं. का ते विचारू नका.

काल रात्रीपासून मी ज्याला त्याला दाबून बघते आहे. चंद्राबाईंची भाकरी, बसची दांडी, दयानंद सरांचा स्टेपलर. कोणीच परत दाबत नाही. मोठा उद्धट गाव आहे हा.

किमया


उरवडे, २७ जानेवारी

किमया मॅडम,

उजव्या अंगाचा खळगा मुद्दाम केला आहे. पकड चांगली बसते. सूचनाच आहे.

डाव्या अंगाचा मात्र दोष आहे. तिथे कुणाचाच अंगठा जात नाही. रोज सकाळी येऊन बघतो तर तो खळगा असतोच. म्हणून तुम्ही यायच्या आधी मी तो बुजवून टाकतो, तुम्हाला त्रास नको. यंत्रात काहीतरी बिघाड असावा. दुरुस्तीवाल्याला कळवलं आहे.

आमच्याकडे हरभरा भरात आला आहे. थोडा खोक्यात घातला आहे. कैलासनं वाटेत खाल्ला नसेल तर पोचेल.

दिग्विजय


मारुंजी, ४ फेब्रुवारी

श्री. गोळे,

डाव्या अंगाचा दोष काढत असल्याबद्दल आभारी आहे. यापुढे पाचला मी आधी बोटं काढत जाईन.

हरभरा पोचला.

कि. जोगदंड


उरवडे, ७ फेब्रुवारी

किमया मॅडम,

माझं काय चुकलं?

पाच वाजले रे वाजले की तुम्ही जाता. काल तुम्ही गेल्यावर मी कान धरून बसून पाहिलं. मग तोच, कान तोच, आकडाही तोच. पण बोटाला लागत होता तो नुसता मग. एवढे दिवस मला वाटत होतं, मगच चांगला झाला आहे.

डावा खळगाही आता येत नाही. दुरुस्तीवाला आला होता. अर्धा दिवस यंत्र उघडून बसला आणि म्हणाला, ह्याला काही झालेलं नाही, तुम्हालाच झालंय.

कैलास विचारतो, "दाद्या, खोकं मोकळंच चाललंय. मगाला ताप आलाय का?"

काय सांगू त्याला?

दिग्विजय


मारुंजी, १० फेब्रुवारी

दिग्विजय,

सांगा की मग डावरा आहे.

मी डावरी आहे. घरी ताटावर बसलं की आई माझा डावा हात मांडीखाली दाबून ठेवायची. शाळेत खडू, देवळात प्रसाद, पाहुण्यांना पाणी, सगळीकडे तो हात पाठीमागे. सवय झाली. कुणाला सांगायचं म्हणजे आधी हसायची तयारी ठेवायची. हे यंत्र ही पहिली जागा, जिथे मला कुणी "हा नको, तो हात" म्हणालं नाही.

तुम्ही लिहिलंत, तिथे कुणाचाच अंगठा जात नाही. तिथे माझा जातो. संध्याकाळी मी तो काढायला उशीर करत होते. सकाळी तुम्ही बुजवत होता.

किमया


उरवडे, ११ फेब्रुवारी

किमया,

म्हणजे मी रोज सकाळी लवकर येऊन, हात धुऊन, तुमचा अंगठा बुजवत होतो!

आणि वर दुरुस्तीवाला बोलावला!

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि लेथच्या खोलीत जाऊन उगाच एक फेरी मारून आलो. पोरं म्हणाली, काय झालं? म्हटलं, दोष सापडला. कशात? म्हटलं, माझ्यात. फार आनंदानं म्हटलं असणार, कारण सगळे मशीन सोडून बघायला लागले.

आता माझंही ऐका. उजवा खळगा ही कुठलीही सूचना नव्हती. पाचला मी सोडत नव्हतो. बस.

आज दुपारी डबा डाव्या हातानं खाल्ला. आमटी बाहीत गेली. रात्री घरीही तसाच जेवलो. आई म्हणाली, "हात दुखावला व्हय रं?" म्हटलं नाही, बघतोय. "काय बघतुयास?" हे तिला कसं सांगणार? भाकरी मोडताना डावा अंगठा नक्की कुठे जातो ते बघत होतो.

उद्या चारला या. पाचला जाऊ नका.

दिग्विजय


मारुंजी, ५ मार्च

दिग्विजय,

आज मीटिंगमध्ये डाव्या खळग्यावर चर्चा झाली. दयानंद सर म्हणाले, न्हाणीघरात मग उजव्याच हातात असतो. का असतो ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, त्यामुळे कुणी विचारलं नाही. मी म्हणाले, माझ्या डाव्या हातात असतो. सगळे आपापल्या चहात बघायला लागले. सरांनी चहात बघतच सांगितलं, "शेवटच्या नमुन्यात डावा खळगा नको."

एकूण मग गेल्या महिन्याभरात कितव्यांदा तयार झाला? झाला की काहीतरी निघतं. सोमवारी तुम्हाला तळ डुगडुगताना दिसला. काल मला काठ बोचला. आज तुम्हाला कान रुंद वाटतोय. सर म्हणाले, "हा मग आहे का देवळाचा कळस?"

मी म्हटलं, काम चोख व्हायला हवं.

डोकं ताळ्यावर नाही. मी काल चंद्राबाईंच्या नळावर रिकाम्या हातानं मग धरला आणि बादलीत बुडवला. त्या म्हणाल्या, "पानी पायजे का नुस्तं वारं?"

किमया


उरवडे, १९ मार्च

किमया,

हे पत्र लगेच वाचा.

सुलक्षणा बाईंचा आमच्याकडे फोन आला होता. नमुना सव्वीस तारखेला हातात पडला नाही तर मग दुसरीकडे जाणार. मगाचं काय, जाऊ दे. तुम्ही परभणीला जाणार.

तळ डुगडुगत नव्हता. कान रुंद नव्हता. त्याआधीची जाड भिंतही जाड नव्हती. मग फेब्रुवारीतच झाला होता. तो पास झाला की चार ते पाचची जोडणी बंद होणार, म्हणून मी रोज काहीतरी काढत होतो. तुमच्या नोकरीवर मी माझी दुपार भागवली. हे मला परवापर्यंत सुचलंही नाही, एवढा मी खुशीत होतो.

उद्या शेवटचं. मी काहीही काढणार नाही. तुम्ही डावा खळगा बुजवा, सर सांगतात तसा. पाचला मी आधी सोडीन. शब्द देतो.

दिग्विजय


मारुंजी, २१ मार्च

दिग्विजय,

शब्द पाळला नाहीत.

मीही काठ बोचतो असं उगाच म्हटलं होतं. तेव्हा फिटंफाट.

काल इथे काय झालं ते ऐका. मी डावा खळगा बुजवला. पाच वाजले. तुम्ही सोडलं नाहीत. मी म्हटलं, सोडतील. तुम्ही आणखी थोडं दाबलंत. मी कशी सोडणार? मीही दाबलं. कान दोघांच्या अंगठ्यांमधे इतका बारीक होत गेला की मला वाटलं, आता तुमचा अंगठाच लागेल. तेवढ्यात दयानंद सर घरी जाता जाता आत आले, "अजून चालूच?" म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

बोटं आत असताना. वीजच तुटली तेव्हा नियमही तुटला; मग होता तसा गोठला आणि तसाच रात्रीतून प्रिंटरवर गेला. आता तो बदलता येत नाही. दुसरा छापायला सव्वीसपर्यंत प्रिंटर मोकळा नाही.

सकाळी मी तो हातात घेतला. पहिल्यांदाच खरा. इकडून एक अंगठा, तिकडून एक अंगठा, मधे पापडाएवढी भिंत. डावा खळगा तर एवढा खोल की त्यात रेवडी बसेल. सरांनी नको म्हटलेला. सरांनी बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि फक्त "बरं" म्हणाले. तुमच्यासारखं.

मी आता रडायला हवं. बाबांना फोन करून खुर्चीचं विचारायला हवं. पण हसू थांबत नाही. जिन्यात बसून हसले. चंद्राबाईंनी पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "पास झालं का टमरेल?" मी म्हटलं, नापास होणार. त्या म्हणाल्या, "नापासाला एवढं हासतीस, तर पास झाल्यावर काय छपरावर चढशील?"

पापडाएवढी भिंत टिकेल का, तेवढं सांगा.

किमया


उरवडे, २२ मार्च

किमया,

टिकेल. रात्रभर हिशोब केला नाही. नुसतं माहीत आहे. तरी सकाळी हिशोब केला. टिकेल.

सोडणार होतो. खरंच अंगठा उचलला होता. तेवढ्यात तुमच्या बाजूनं एक हलका दाब आला. आता मला सांगा, कोण सोडेल?

दिग्विजय


मारुंजी, २७ मार्च

दिग्विजय,

सुलक्षणा बाई काल आल्या. ठेंगण्या, चष्मेवाल्या, बाह्या सरसावून. म्हणाल्या, "बादली आणा. साबण आणा." मीटिंगच्या खोलीत गालिच्यावर बादली. दयानंद सर गालिच्याकडे बघत होते.

बाईंनी दोन्ही हातांना साबण चोळला. उजव्या हातात मग घेतला, भरला, उचलला. ओतला. निसटला नाही. परत भरला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बाईंनी मग डाव्या हातात घेतला, साबणाच्याच उजव्या हातानं फोन उचलला आणि बोलत राहिल्या. भरलेला मग डाव्या हातात. घरून फोन होता, कुकरच्या शिट्ट्यांचं काहीतरी. आम्ही सगळे त्या मगाकडे बघत उभे. एक थेंब सांडला नाही.

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मग वर धरला, फिरवला. इकडून अंगठा घातला, तिकडून घातला.

"हे अंगठे कुणाचे?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी डावा हात वर केला. "एक माझा."

"आणि दुसरा?"

"दुसरा उरवड्याला असतो."

त्या एवढंच म्हणाल्या, "दोन्ही ठेवा."

पास. मी कायम. सरांनी हात पुढे केला, मी डावा दिला, त्यांनी क्षणभर विचार करून स्वतःचाही डावा पुढे केला. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "खुर्चीचं काय सांगू?" मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी फिरू दे.

छपरावर चढले होते. चंद्राबाईंनी वाळवण तुडवू नको म्हणून खाली उतरवलं.

आता वाईट बातमी. जोडणी आजपासून बंद. यंत्र पुढच्या कामाला लागलं. झाकणाची मूठ आहे, तिचा साचा चाकणला व्हायचा आहे. आज चारला मी त्या खोलीत गेले. टोप्यांत बोटं घातली. मूठ होती. गोल, शहाणी, थंड. तिला म्हटलं, बाई, तुझ्यात काही दोष नाही.

म्हणून ठरवलं आहे. उद्या मी रजा घेतली आहे. मग घेऊन कैलासच्या टेम्पोतून उरवड्याला येते. तूही उद्या रजा टाक. चारला कारखान्याच्या फाटकाशी ये. बादली भरून आण. तू उजव्यानं धर, मी डाव्यानं. एकच कान आहे, दाटी होईल.

फोनवर बोलतोस तसं "हं" आणि "बरं" म्हणालास तरी चालेल. माझ्या अंगठ्याला कळेल.

किमया


उरवडे, २८ मार्च, सकाळी

किमया,

कैलासबरोबर हे पाठवतो आहे. त्यानं तुझ्यासाठी पुढची सीट पुसली आहे. विचारत होता, "खोक्यात आज काय आणायचं?" म्हटलं, आज खोकं नाही, माणूस आहे. तो म्हणाला, "मंग हळू चालवाय पायजे."

बादली आईकडून मागून घेतली. तिनं विचारलं नाही. बादली घासून दिली.

पाणी भरून फाटकाशी उभा राहीन. हात कोरडे ठेवतो आहे, सकाळपासून कशाला लावले नाहीत.

फक्त एक करशील? पाच वाजले की मला सांगू नकोस.

दिग्विजय